ट्रेलर आहे, मग मध्येच फ्लश कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचे आक्षेप तीन. लिबएव्हीफॉरमॅटमध्ये (एफएफएमपेगची मीडिया फाइल लिहिणारी लायब्ररी) फाइलचा शेवटचा भाग, म्हणजे ट्रेलर, लिहिणारं एव्ही_राइट_ट्रेलर शेवटी सगळं रिकामं करतंच, मग मध्ये फ्लश, म्हणजे साठलेला डेटा लगेच पुढे ढकलणं, कशाला? एव्ही_इंटरलीव्ह्ड_राइट_फ्रेमला पॅकेटऐवजी नल (रिकामं मूल्य) देऊनही फाइल एक बाइट वाढली नाही. आणि अशाने ऑडिओ-व्हिडिओचा क्रम बिघडतो.

फाइल एकदाच लिहून बंद करायची असेल, तर पहिला आक्षेप मान्य. माझा मूळ लेख होता चालू रेकॉर्डिंगबद्दल, जिथे ट्रेलर तासन्‌तास येत नाही.

फाइल का वाढली नाही, ते बघा. डेटा तीन ठिकाणी साठतो: इंटरलीव्हिंगच्या रांगेत (जिथे ऑडिओ-व्हिडिओची पॅकेटं वेळेच्या क्रमाने लावली जातात), मक्सरच्या (पॅकेटं फाइलच्या साच्यात बसवणाऱ्या भागाच्या) पोटात आणि एव्हीआयओच्या (प्रत्यक्ष बाइट लिहिणाऱ्या थराच्या) बाइट-बफरमध्ये. तुमच्या नलने फक्त रांग मोकळी झाली. पुढे एव्ही_राइट_फ्रेमला नल द्यायचा, मग एव्हीआयओ_फ्लश. क्रम हाच, उलटा केलात तर रांगेतली पॅकेटं मागाहून मक्सरमध्ये उतरतात आणि तिथेच बसतात. एव्ही_राइट_फ्रेमकडून १ परत आला तर घाबरू नका, आता फ्लश करण्यासारखं काही उरलं नाही एवढाच त्याचा अर्थ. चूक असेल तर आकडा ऋण येतो.

साध्या एमपी४मध्ये मात्र कितीही फ्लश करा, मूव्ह अॅटम, म्हणजे फाइलची अनुक्रमणिका, ट्रेलरच्या वेळीच लिहिला जातो. त्याआधी प्रोग्रॅम कोसळला तर फाइल चालत नाही. तिथे मक्सरच्या मूव्हफ्लॅग्ज या पर्यायात फ्रॅग_कस्टम आणि एम्प्टी_मूव्ह द्या, म्हणजे फाइल फ्रॅगमेंटांत (तुकड्यांत) लिहिली जाईल, आणि प्रत्येक कीफ्रेमच्या (स्वतंत्रपणे उलगडता येणाऱ्या फ्रेमच्या) अगदी आधी फ्लश करा. पॅकेटचं ड्युरेशन भरायला विसरू नका. एरवी ते पुढच्या पॅकेटच्या डीटीएसवरून (डीकोड करायच्या वेळेवरून) कळतं, पण फ्रॅगमेंट तोडताना पुढचं पॅकेट हाती नसतं आणि मक्सर अंदाज बांधतो.

क्रमाचा आक्षेप अगदी रास्त. डीटीएस वाढता आहे का, ही तपासणी प्रत्येक स्ट्रीमपुरतीच (ऑडिओ, व्हिडिओ यांची वेगवेगळी) होते. त्यामुळे फ्लशनंतर उशिरा आलेला ऑडिओ पुढच्या व्हिडिओमागे निमूट लिहिला जातो, एररही येत नाही. म्हणून दर पॅकेटला फ्लश नकोच. विरळ सबटायटलमुळे रांग तुंबत असेल तर मॅक्स_इंटरलीव्ह_डेल्टा कमी करा. मूळ मूल्य १० सेकंद, पण लिहायचं मायक्रोसेकंदांत. तिथे ० टाकू नका! ० म्हणजे प्रत्येक स्ट्रीमचं पॅकेट येईपर्यंत कितीही वेळ थांबणं.

एवढं करूनही शेवटचा सेकंद-दीड सेकंद फाइलमध्ये दिसत नसेल, तर तो बहुधा एन्कोडरमध्ये, म्हणजे फ्रेम दाबून पॅकेटं बनवणाऱ्या भागात, आहे. एक्स२६४ या व्हिडिओ एन्कोडरचा लुकअहेड (पुढच्या फ्रेम आधी बघून ठेवणं) मुळात ४० फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या गतीला १.६ सेकंद. मक्सरच्या फ्लशने त्या फ्रेम बाहेर येत नाहीत. एन्कोडरला नल फ्रेम पाठवून त्या काढता येतात, पण ते रेकॉर्डिंग संपवतानाच करा: नंतर तो नवी फ्रेम घेत नाही. एन्कोडर फ्लशची क्षमता जाहीर करणाऱ्या मोजक्या एन्कोडरांनाच एव्हीकोडेक_फ्लश_बफर्सने पुन्हा कामाला लावता येतं; बाकीचे बंद करून नव्याने उघडावे लागतात.