घरात इंकजेट प्रिंटर पाळण्याची पथ्ये

घरी इंकजेट प्रिंटर घ्यायचा म्हणताय? अवश्य घ्या. इतका स्वस्त मिळतो की कंपनीला आपली दया आली असावी. दयेची वसुली नंतर कार्ट्रिजमधून, म्हणजे शाईच्या डबीतून होते. छोट्या काळ्या कार्ट्रिजमध्ये चहाचे दोन चमचे भरतील इतकीही शाई नसते, पण किंमत अत्तराची.

रोज एक तरी पान छापत जा. शाई फवारणारी छिद्रं, म्हणजे नॉझल, केसाहून बारीक; शाई वाळली की बसलं. मे महिन्यात गावाला जाताना तुळशीसारखी प्रिंटरचीही जबाबदारी शेजाऱ्यांवर सोपवा.

छापलेल्या पानावर रेघा आल्या की हेड क्लीनिंग करा, म्हणजे मशीनला ती छिद्रं धुवायला सांगा. मनसोक्त करा. त्यात सगळ्या रंगांची शाई ओढली जाते आणि तळाच्या स्पंजात मुरते. स्पंज भरला असं मशीनच्या हिशेबाने ठरलं, की ते अडून बसतं. म्हणजे शाई संपली तरी बंद, सांडलेली शाई भरली तरी बंद!

फोटो छापायचा मोह टाळा.

हॉलतिकीट मात्र आदल्या रात्रीच छापायला घ्या, रंगत येते. परवा भाचीचं घेतलं. काळी अक्षरं, काळा बारकोड. पडद्यावर सूचना : निळी शाई संपली. अहो, निळं मागतंय कोण? 'फक्त काळ्यात छापा' निवडलं, तरी ढिम्म. म्हणून कपाटातलं रिफिल केलेलं निळं कार्ट्रिज बसवलं, तर 'अमान्य कार्ट्रिज'! गेल्याच महिन्यात हेच मुकाट्याने चालत होतं. मधल्या काळात वायफायवरून गुपचूप अपडेट उतरला होता. माझ्या घरात, माझ्या विजेवर, माझ्याच मशीनला माझ्याविरुद्ध शिकवून गेला. शेवटी साडेदहाला झेरॉक्सवाल्याच्या अर्ध्या शटरखालून वाकून आत गेलो. "कलर का ब्लॅक?" म्हणाला. पाच रुपये. पान गरम गरम हातात.

अरे, मशीनचे पैसे मी मोजलेत ना? मग त्यात कुठली शाई घालायची हे सांगणारे तुम्ही कंपनीवाले कोण? चालू मशीन लांबून बंद पाडता आणि वर त्याला सुरक्षा म्हणता, लाजा नाही वाटत?

आणि तुम्हीही! महिन्याला चार पानं छापायची, तर कोपऱ्यावर जायला पाय दुखतात? सेल दिसला की मारली उडी. आधी कार्ट्रिजचा भाव विचारा. आणि घेऊन बसलाच असाल, तर ते ऑटो-अपडेट आजच्या आज बंद करा.