मूठभर बेदाण्यांनी वाइन भरदार होत नाही

घरी फळांची वाइन करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: वाइन पातळ लागत असेल तर पाच लिटरच्या बरणीत मूठभर बेदाणे टाका, बॉडी येईल, यीस्टला पोषण मिळेल आणि तुरटपणा देणारे टॅनिनही उतरेल. या तीनही दाव्यांत तथ्याचा अंश आहे, परंतु घोळ प्रमाणाचा आहे.

बॉडी म्हणजे घोट तोंडात घेतल्यावर जाणवणारा भरदारपणा. तो मुख्यतः अल्कोहोल, ग्लिसरॉल, न आंबलेली साखर, टॅनिन आणि यीस्टच्या पेशींतून सुटणारे द्रव्य यांतून येतो. बेदाण्याच्या वजनाचा साधारण ६० ते ६५ टक्के भाग साखर असते, आणि ती ग्लुकोज व फ्रुक्टोज या रूपात असल्याने यीस्ट ती जवळजवळ पूर्ण संपवते. मूठभर म्हणजे सुमारे ५० ग्रॅम धरले, तर पाच लिटरमध्ये लिटरमागे साडेसहा ग्रॅमच्या आसपास साखर वाढते. लिटरमागे १७ ग्रॅम साखरेतून साधारण १ टक्का अल्कोहोल तयार होते, हे लक्षात घेता या मुठीतून अर्धा टक्काही हाती लागत नाही. तेवढे तर दोन-तीन मोठे चमचे साध्या साखरेनेही झाले असते. उरलेली साल आणि चोथा गाळणीत जातो.

पोषणाचा दावा त्याहून लंगडा आहे. इथे पोषण म्हणजे मुख्यतः यीस्टला वाढीसाठी लागणारा नायट्रोजन. एक किलो बेदाण्यांसाठी साधारण चार किलो द्राक्षे लागतात. म्हणजे आपली मूठ सुमारे २०० ग्रॅम द्राक्षांची झाली. त्यांतला सगळा नायट्रोजन उतरला असे मानले तरी, निव्वळ द्राक्षरसात तो जितका असतो त्याचा फार तर पंचविसावा हिस्सा पाच लिटरला मिळेल. शिवाय द्राक्षांतला बराच नायट्रोजन प्रोलीन या अमिनो आम्लात अडकलेला असतो, आणि प्राणवायूविना चाललेल्या किण्वनात यीस्टला तो वापरता येत नाही. मधाच्या वाइनमध्ये, जिथे मुळात नायट्रोजन नगण्य असतो, तिथे बेदाण्यांवर विसंबल्यास किण्वन रखडण्याची शक्यता मोठी. तिथे यीस्टसाठीचे तयार पोषकच घालावे.

टॅनिनबाबत फार लिहायला नको. बेदाणा या शब्दातच ‘बी नसलेला’ हा अर्थ आहे, आणि द्राक्षातल्या टॅनिनचा मोठा वाटा बियांत असतो.

या सल्ल्याचे समर्थक इटलीतील अमारोनेचा दाखला देतात. ती वाइन सुकवलेल्या द्राक्षांची असते हे खरे. पण तिथे द्राक्षे काही महिने सुकवून त्यांचे वजन तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटवतात आणि संपूर्ण वाइन त्याच द्राक्षांची करतात. दुसऱ्या फळाच्या रसात चिमूटभर भर घालण्याशी त्याचा काय संबंध?

प्रमाण वाढवले तर मात्र चित्र बदलते, हे मान्य करायलाच हवे. पाच लिटरला अर्धा किलो बेदाणे घातले तर जवळपास पावणेचार टक्के अल्कोहोल वाढू शकते, सोबत टार्टारिक आम्ल येते, आणि फरक जिभेला कळतो. त्याची किंमत चवीत मोजावी लागते: सुकवताना आलेली तपकिरी, शेरी या स्पॅनिश वाइनसारखी छटा जांभळासारख्या गडद फळाला शोभते, फुलांच्या नाजूक वाइनला झाकून टाकते. पिवळ्या बेदाण्यांवर बहुधा गंधकाची प्रक्रिया केलेली असते, म्हणून एवढ्या प्रमाणात ते वापरताना पाकीट वाचावे; यीस्टची वाढ रोखणारे पोटॅशियम सॉर्बेट लिहिलेले असेल तर ते सुके फळ बाजूलाच ठेवावे.

येथे हायड्रोमीटरही, म्हणजे रसाच्या घनतेवरून साखर मोजणारे उपकरणही, फसवतो. पहिल्या दिवशी बेदाणे सुरकुतलेलेच असतात आणि त्यांतली साखर आकड्यात दिसत नाही. तिसऱ्या दिवशी ते टपोरे फुगून वर तरंगू लागतात, तेव्हा सुटलेली साखर आंबायला लागलेली असते. म्हणून ते चिरून घालावेत, तरीही त्यांची साखर वजनावरूनच हिशेबात धरावी. किण्वन संपल्यावर, ‘चवीपुरते’ म्हणून, ते कधीही घालू नयेत. ती साखर पुन्हा आंबते, आणि तोवर बूच बसलेले असेल तर बाटली फुटू शकते.