लाखो अंडी घालणारी अॅबलोनी संपते कशी?

कॅलिफोर्नियातील अॅबलोनी या समुद्री गोगलगायीच्या मासेमारीवरच्या बंदीचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. एक मादी एका वेळी लाखो अंडी सोडते, पाणबुडे ठरावीक आकाराखालची अॅबलोनी काढत नाहीत, एकूण पकड वर्षानुवर्षे स्थिर होती. तेव्हा साठा घटल्याची ओरड ही संगणकावर मॉडेल मांडणाऱ्यांची करामत आहे, आणि घट झालीच असेल तर काही वर्षे हात आवरल्यास समुद्र आपोआप भरून येईल, असा त्याचा आशय. यातली काही विधाने खरी आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

अंड्यांची संख्या खरी आहे. अडचण पुढे येते. अॅबलोनी ही कानाच्या आकाराचा एकच शिंपला पाठीवर वागवणारी, खडकाला घट्ट चिकटून राहणारी समुद्री गोगलगाय आहे. शिंपल्याच्या कडेने छिद्रांची एक ओळ असते. मादी त्या छिद्रांतून अंडी सोडते, नर शुक्रपेशी सोडतो, आणि दोन्हींची गाठ पडायची ती उघड्या पाण्यातच. नर काही मीटर दूर असला तरी शुक्रपेशी पाण्यात इतक्या विरळ होतात की बहुतेक अंडी फळत नाहीत. म्हणून कॅलिफोर्नियाच्या 2005 च्या व्यवस्थापन आराखड्याने एकूण संख्येऐवजी घनता हा निकष धरला : हेक्टरी 2,000 अॅबलोनी ही तग धरण्याची किमान पातळी, तर 3,000 च्या खाली गेल्यास मासेमारी बंद. हेक्टरी 2,000 म्हणजे दर पाच चौरस मीटरला एक. ही काही चैनीची मागणी नव्हे. त्याउलट 1990 च्या दशकाच्या आरंभी पाणबुड्यांनी पांढरी अॅबलोनी या जातीसाठी सुमारे तीन हेक्टर योग्य अधिवास धुंडाळला, तेव्हा त्यांना जिवंत सापडल्या अवघ्या तीन. त्यांतल्या मादीने कोट्यवधी अंडी सोडली असती तरी फळवणार कोण होते?

‘पकड स्थिर होती’ हा दाव्यातला सर्वांत भारदस्त मुद्दा आहे आणि माझ्या मते सर्वांत फसवाही. 1952 ते 1968 या काळात कॅलिफोर्नियातील अॅबलोनीची एकूण व्यावसायिक पकड बरीचशी स्थिर दिसते, हे खरेच. मात्र त्या बेरजेत पाच जाती एकत्र मोजलेल्या होत्या. त्या सुट्या केल्या की वेगळेच चित्र उभे राहते : आधी लाल अॅबलोनीवर भर होता, ती ओसरू लागली तशी गुलाबी पुढे आली, मग हिरवी, 1972 च्या सुमारास पांढरी आणि त्यानंतर काळी. पांढऱ्या जातीची जवळजवळ सगळी पकड 1969 ते 1977 या नऊ वर्षांतच झाली. एका जातीची तूट दुसरी भरून काढत होती आणि एका बेटाजवळची तूट त्यापलीकडचे बेट. दुकानातला माल रोज तेवढाच दिसावा, पण तो दर वेळी वेगळ्या गोदामातून यावा आणि मागची गोदामे रिकामी होत जावीत, तसा हा हिशेब होता.

एका तासाच्या बुडीत किती अॅबलोनी हाती लागल्या, हा आकडाही असाच चकवतो. पाणबुडा समुद्रतळावर डोळे मिटून फिरत नाही. तो आधी दाट घोळक्यांकडे जातो, कारण तिथे वेळ आणि हवा दोन्ही वाचतात. एक घोळका संपला की पुढचा. परिणामी साठा निम्म्यावर आला तरी तासाची पकड फारशी उतरत नाही, आणि उतरते तेव्हा फार उशीर झालेला असतो. शिवाय ज्या घोळक्यांत फलन होते नेमके तेच आधी उचलले जातात. म्हणूनच नुसत्या पकडीच्या नोंदींवर उभारलेल्या मॉडेलवर शंका घेणे रास्त आहे, आणि ती शंका सर्वांत आधी मॉडेल करणाऱ्यांनीच घेतली आहे.

आकारमर्यादेबद्दल थोडक्यात. उत्तर कॅलिफोर्नियात लाल अॅबलोनीसाठी ती सात इंच होती. मोजपट्टी लावेपर्यंत चपट्या लोखंडी पहारीने अॅबलोनी खडकावरून उचकटलेली असू शकते. तिचे रक्त आपल्यासारखे गोठत नाही, त्यामुळे खडकाला चिकटणाऱ्या तिच्या मांसल पायाला खोल जखम झाली असेल तर ‘लहान आहे’ म्हणून परत ठेवलेलीही मरू शकते.

मॉडेलवरचा आक्षेप एका बाबतीत मला मान्य आहे. 2005 च्या आराखड्यातल्या घनतेच्या निकषांत केल्प या समुद्री शैवालाचे, म्हणजे अॅबलोनीच्या अन्नाचे, भवितव्य धरलेले नव्हते. 2013 पासून अर्चिन खाणारे समुद्रतारे रोगाने मेले, 2014 नंतर पाणी तापले, केल्प फस्त करणाऱ्या काटेरी जांभळ्या सागरी अर्चिनांची संख्या अफाट वाढली आणि उत्तर किनाऱ्यावरचे केल्प नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीसे झाले. अॅबलोनी उपासमारीने मरू लागल्या. हे आकारमर्यादेने थांबले नसते आणि त्याचा दोष मासेमारीवर टाकणेही अन्यायाचे ठरेल. काळ्या अॅबलोनीचा ऱ्हासही मुख्यतः रोगाने झाला. तरीही पाण्यात उतरून केलेल्या मोजणीत घनता कोसळलेली दिसली आणि 2018 पासून तिथली हौशी मासेमारी बंद झाली. पुढचे संकट आराखड्याला दिसले नाही, पण ते आल्यावर थांबायचे कुठे, हे त्यात आधीच लिहिलेले होते.

राहिला ‘आपोआप भरून येईल’ हा मुद्दा. पांढऱ्या अॅबलोनीची मासेमारी 1996 मध्ये बंद झाली आणि 2001 मध्ये तिला अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याचे संरक्षण मिळाले. त्यानंतर दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या टॅनर बँक या उथळ भागात, यंत्राने समुद्रतळाचे चित्रण करून, 2002 ते 2010 मधला बदल मोजला गेला. कोणी हात लावत नसतानाही संख्या सुमारे 78 टक्क्यांनी घटली होती आणि उरलेल्यांचा आकार मात्र वाढला होता. म्हाताऱ्या मरत होत्या, मागून पिल्ले येत नव्हती. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पांढऱ्या अॅबलोनी समुद्रात पहिल्यांदा सोडल्या गेल्या त्या 2019 मध्ये, बंदीनंतर 23 वर्षांनी.