आजीचे हात आणि कालचे कृष्णविवर

काल रात्री विमाननगरच्या बाजूला एका मल्टिप्लेक्समध्ये ‘इंटरस्टेलर’ हा अवकाशप्रवासाचा इंग्रजी चित्रपट पाहिला. २०१४ साली आला तेव्हा मी तो घरी लॅपटॉपवर पाहून ‘बरा आहे’ म्हणून विसरून गेलो होतो, हे आधीच कबूल करतो. आता आयमॅक्सच्या भल्यामोठ्या पडद्यावर तो पुन्हा लागला आणि आपण ज्याला दूरचा डोंगर समजत होतो ती लाट आहे, हे कळले त्या क्षणी मी खुर्चीचे हात घट्ट धरले. वय वर्षे बावन्न!

पुढे यानाच्या हवाबंद दाराशी स्फोट होतो आणि पडद्यावर सारे फुटत असताना आवाज मात्र येत नाही, कारण अवकाशात तो वाहून न्यायला हवाच नाही. नेमक्या त्या शांततेत माझ्या पुढच्या रांगेतील एका तरुणाने मोबाईल उघडला. पांढरा झगझगीत उजेड. मध्यंतरात हाच मुलगा मित्राला सांगत होता, ‘‘यात काय एवढं, सगळं ग्राफिक्सच तर असतं.’’

मोबाईलपेक्षा मला त्या वाक्याचा राग आला आणि आजी आठवली. अप्पा बळवंत चौकाजवळच्या प्रभात चित्रपटगृहात तिने मला लहानपणी ‘संत तुकाराम’ दाखवला होता. १९३६ सालचा, आपल्या पुण्यातच, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात तयार झालेला. शेवटी तुकोबांना न्यायला वैकुंठाहून विमान आले तेव्हा आजीने हात जोडले. वडील हसले, म्हणाले, ‘‘आई, अगं तो सिनेमा आहे.’’ ती म्हणाली, ‘‘ठाऊक आहे रे मला. आपोआप जुळले.’’

‘ठाऊक आहे’ हे तिने आधी सांगितले होते, हे मला इतक्या वर्षांनी काल लक्षात आले. ते विमान दिग्दर्शक दामले-फत्तेलालांच्या माणसांनी उभे केले आहे, हे तिला पुरते माहीत होते. कशी केली आहे हे कळल्याने एखादी गोष्ट लहान होते, असे ज्यांना वाटते त्यांना थक्क होण्याची लाज वाटत असावी. कालच्या चित्रपटातील त्या कृष्णविवराचेच घ्या, म्हणजे प्रकाशालाही बाहेर पडू न देणाऱ्या अवकाशातील त्या काळ्या गोळ्याचे. किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाने समीकरणे दिली, त्यांवरून प्रकाश कसा वाकेल ते संगणकाने मोजले, आणि त्यातील काही चौकटी, म्हणजे चित्रपटाची एकेक स्थिर चित्रे, तयार व्हायला प्रत्येकी शंभर तासांपर्यंत वेळ लागला. खऱ्या कृष्णविवराचे पहिले छायाचित्र जगासमोर आले ते २०१९ साली, म्हणजे चित्रपटानंतर पाच वर्षांनी. हे ‘ग्राफिक्सच’ असेल तर आपल्या दगडूशेठची आरासही दिव्यांच्या माळाच म्हणायची!

तिकीट महाग आहे, हे मान्य. मक्याच्या लाह्यांचा भाव तर बोलण्यापलीकडचा. आणि आमच्या काळी प्रेक्षक फार शिस्तीचे होते असेही नाही. शिट्ट्या होत्या, पायाखाली शेंगांची टरफले होती, आजीच्या शेजारच्या बाई तर अख्खा चित्रपटभर पुढचे प्रसंग आधीच सांगत होत्या. पण विमान आले तेव्हा त्याही गप्प झाल्या होत्या. तेवढेच मागणे आहे माझे.

एवढे तावातावाने लिहिल्यावर एक गोष्ट लपवणे बरे नाही. जिथे वेळ फार संथ सरतो अशा परग्रहावर काही तास काढून परतलेला बाप पृथ्वीवर तेवीस वर्षे उलटल्याचे पाहतो आणि मुलांचे साठलेले निरोप एकामागून एक ऐकत रडतो, त्या प्रसंगात पुढचा मोबाईल उघडला नव्हता. शेवटी दिवे लागले तेव्हा तो मुलगा नावे सरेपर्यंत जागेवरच बसून होता आणि त्याच्या लाह्या अर्ध्याहून अधिक तशाच होत्या. मला त्याला चार शब्द ऐकवायचे होते. ऐकवले नाहीत.

आजी असती तर तिला मी ओढत नेले असते. ती नाही, म्हणून रविवारी दुपारच्या खेळाची तीन तिकिटे काढली आहेत. ‘पुढच्या महिन्यात घरीच बघू की’ म्हणणाऱ्या माझ्या दोन्ही मुलांसह.