‘जुगाड’ म्हणण्याआधी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एकाच कॉम्प्युटरवर अनेकांनी काम करण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, “हे तंत्रज्ञान नाही, निव्वळ जुगाड आहे. मशीन बंद पडलं की सगळे हातावर हात ठेवून बसणार, व्हिडिओ अडखळणार. वर सालही चुकलंय. ज्यांनी खरी सिस्टीम कधी सांभाळली नाही, तेच असं लिहितात.” रागाच्या भरात काही लिहायचं नव्हतं, म्हणून दोन दिवस थांबलो.

सालाचं तुमचं बरोबर आहे. विंडोज एनटी ४.० हे १९९६ चं, पण त्याची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती, म्हणजे एकाच मशीनवर अनेकांना एका वेळी काम करू देणारी, १९९८ ची. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण ‘जुगाड’? हा शब्द मला लागला, आणि तो चुकीचाही आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत संगणकशास्त्रज्ञ फर्नांडो कॉर्बातो यांनी सीटीएसएस ही एक यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरायची प्रणाली चालवून दाखवली. आयबीएम ७०९ हे एकच यंत्र वेगवेगळ्या टर्मिनलवर, म्हणजे त्याला जोडलेल्या कीबोर्डांवर, बसलेल्यांना आळीपाळीने वेळ देत होतं. सीटीएसएस आणि त्यानंतरच्या मल्टिक्स या तशाच प्रणालीच्या कामासाठी कॉर्बातोंना १९९० चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा, मिळाला. तो काय जुगाडाला दिला? १९७२ साली आयबीएमचं व्हीएम/३७० हे सॉफ्टवेअर त्यांच्या सिस्टीम/३७० या मोठ्या संगणकांसाठी आलं. त्यात एका यंत्राची अनेक आभासी यंत्रं होत आणि प्रत्येकाला अख्खं सिस्टीम/३७० आपल्या एकट्याचंच आहे असं वाटे. आज ज्याला आपण व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतो, म्हणजे सर्व्हरवर चालणारा आणि आपल्याला फक्त स्क्रीनवर दिसणारा कॉम्प्युटर, त्याची पाळंमुळं तिथे आहेत. टेबलावर प्रत्येकाचा वेगळा पीसी ही सोय पुष्कळ नंतरची.

आणि हे चालतं, कारण टाइप करताना दोन अक्षरांमध्ये आपण जेवढं थांबतो, तेवढ्यात प्रोसेसर कोट्यवधी सूचना उरकतो. बाकी वेळ तो रिकामाच असतो.

आता ‘खरी सिस्टीम’. सात वर्षं मी एका संस्थेची लॅब सांभाळली आहे. एक मशीन, त्याला सहा मॉनिटर, सहा कीबोर्ड, सहा माउस. एकदा साफसफाई करताना कुणीतरी दोन यूएसबी हब (कीबोर्ड-माउसच्या वायरी एकत्र जोडायचे डबे) काढले आणि अदलाबदल करून लावले. तिसऱ्या जागेवरची मुलगी टाइप करत होती आणि अक्षरं पाचव्या जागेवरच्या मुलाच्या निबंधात उमटत होती! कुठला कीबोर्ड कुठल्या जागेचा, हे सिस्टीम पोर्टवरून, म्हणजे वायर मशीनच्या कुठल्या खाचेत लावली आहे त्यावरून, ओळखत होती. त्या दिवसापासून प्रत्येक वायरला आणि पोर्टला एकाच रंगाची पट्टी लावली. प्रोसेसरने मला कधी दगा दिला नाही, दिला तो मेमरीने. एकाने ब्राउझरमध्ये तीस टॅब उघडले की सहाही जणांचे कर्सर गोठायचे. शेवटी प्रत्येक वापरकर्त्याला मेमरीची मर्यादा घालून दिली, तेव्हा कुठे तो त्रास थांबला. हे शिकायला मला अख्खं एक सत्र लागलं. एवढं करूनही ‘सिस्टीम कधी सांभाळली नाही’ हे ऐकून घ्यायचं असेल, तर निदान तुम्ही काय सांभाळलंत तेही लिहायला हवं होतं.

मशीन बंद पडण्याचं म्हणाल, तर ती भीती कुठल्याही सर्व्हरला असते. यूपीएस लावावा, एक पॉवर सप्लाय आणि एक डिस्क जवळ ठेवावी. व्हिडिओ अडखळतो तो बहुधा स्क्रीन नेटवर्कवरून पाठवली की. माझ्या लेखातले मॉनिटर थेट ग्राफिक्स कार्डांना जोडलेले होते, आणि हे दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं आहे. तिथपर्यंत तुम्ही वाचलं नसावं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. चुका जरूर दाखवा, मी दुरुस्त करतो, हे वर दिसलंच. पण माझ्या अनुभवावर न विचारता शेरा मारू नका. मेमरीच्या मर्यादेचं सेटिंग हवं असेल तर सांगा, सविस्तर लिहून देईन.