चार-चौसष्टची भाऊबंदकी

लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, बहुतेक उपकरणांना मेजर आणि मायनर असे दोन क्रमांक असतात आणि त्या जोडीवर एका वेळी एकाच ड्रायव्हरचा, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामचा, हक्क चालतो. मालवणच्या एका बर्फ कारखान्यातील तापमान टिपणाऱ्या बोर्डावर नवा कर्नेल चढवेपर्यंत या ज्ञानाने मला कधीही त्रास दिला नव्हता.

त्या बोर्डाच्या सीरियल पोर्टाचा, म्हणजे एकेक बिट रांगेने पाठवणाऱ्या जोडणीचा, ड्रायव्हर जुन्या वळणाचा. टीटीवायएस हे नाव, मेजर 4 आणि मायनर 64 यांवर तो हक्क सांगतो. 0 ते 63 हे मायनर व्हर्च्युअल कन्सोलकडे, म्हणजे कीबोर्ड-पडद्यावरच्या लॉगिनांकडे, असल्याने सीरियल पोर्टांची हद्द तिथूनच सुरू होते. नेमका हाच हक्क पीसीच्या जमान्यापासून नांदत असलेला 8250 हा ड्रायव्हरही सांगतो. एकच कर्नेल अनेक बोर्डांना पुरवायचा असल्यामुळे दोघेही त्यात होते. 8250 आधी उठला, त्याने 64 ते 67 हे चार क्रमांक अडवले आणि मागाहून आलेल्याच्या हाती उणे 16, म्हणजे ‘जागा व्यापलेली आहे’ असा शेरा पडला. बोर्डावर 8250च्या कुळातली एकही चिप नव्हती, हे विशेष! मुंबईच्या चुलत्याचे नाव सातबारावर असावे आणि गावात राबणाऱ्याला नारळही उतरवता येऊ नये, त्यातला हा प्रकार.

कर्नेलचे संदेश दाखवणारा कन्सोलही त्याच पोर्टावर असल्याने तक्रार ऐकू येण्याची सोय नव्हती. ‘स्टार्टिंग कर्नेल’ या शब्दांपुढे तीन टिंबे उमटत आणि मग कर्सर एकटाच लुकलुकत राही. अखेर नेटवर्कच्या वाटेने आत शिरून बूटचा, म्हणजे सुरू होतानाचा, लॉग वाचला, तेव्हा उणे 16 दिसले.

“मगे त्या 8250चा नाव कमी करून घे,” कारखान्याचे मालक म्हणाले. जमिनीच्या दाव्यांत त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. परंतु दुसऱ्या बोर्डांना 8250 हवा होता, म्हणून मी शिष्टसंमत मार्ग धरला. आमच्या ड्रायव्हरला वेगळे नाव दिले आणि मेजरच्या जागी 0 लिहिला, म्हणजे कर्नेल स्वतःच मोकळा क्रमांक काढून देतो. मग बूटच्या ओळीतला, म्हणजे सुरू होताना कर्नेलला दिल्या जाणाऱ्या सूचनांतला, कन्सोल बदलला, लॉगिनची व्यवस्था बदलली. (ओमॅप नावाच्या चिपांच्या पोर्टांच्या नावांनी टीटीवायएसचे टीटीवायओ आणि पुन्हा टीटीवायएस असा प्रवास केला आहे, तेव्हा किती जणांचे कन्सोल मुके झाले असतील, याची मला आता कल्पना येते.)

कारखान्याच्या प्रोग्राममध्ये मात्र टीटीवायएस0 हेच नाव कोरलेले होते आणि तो लिहिणारे गृहस्थ पुण्याला जाऊन फोन न उचलणारे झाले होते. प्रोग्राम टीटीवायएस0 उघडी, ते 8250चे रिकामे पोर्ट निमूट उघडे आणि पुढच्याच पावलाला इनपुट-आउटपुट त्रुटी येई. शेवटी या एका बोर्डापुरते बूटच्या ओळीत 8250च्या पोर्टांची संख्या शून्य लिहिली, म्हणजे मालकांनी सुचवले होते तेच केले, आणि युडेव्हच्या, म्हणजे उपकरणांच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या प्रोग्रामच्या, नियमाने जुन्या नावाची सिमलिंक, म्हणजे नुसती नावापुरती पाटी, नव्या पोर्टाकडे वळवली.

पडद्यावर उणे 8 अंश उमटले. मालकांनी ते चष्मा वर करून वाचले.

“आधी पण ह्योच आकडो दिसत होतो,” ते म्हणाले. “मगे तू केलंस काय?”