शीघ्रपतनाचं मलम नुसतं कागदात गुंडाळून देऊ नका

शीघ्रपतनावर बधिर करणारं मलम किंवा स्प्रे मिळतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ते वापरायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. काही गिऱ्हाइकं गर्दी पांगेपर्यंत बाजूला थांबतात, मग पुढे येऊन मोबाइलवरचा फोटो दाखवतात. आपण औषध कागदात गुंडाळतो, ते खिशात घालून निघतात. औषधवाल्यांचं हे गप्प बसणं मला पटत नाही.

औषध थोतांड नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात तेच लिग्नोकेन त्यात असतं, काहींत जोडीला प्रिलोकेन. या दोन्हींच्या स्प्रेला युरोपीय संघात २०१३ साली याच तक्रारीसाठी मान्यता मिळाली. पण जास्त लावलं की जास्त वेळ टिकतं, हा समज साफ चुकीचा. जाड थर देऊन पाऊण तास ठेवलात तर ताठरताच जाऊ शकते, आणि आधीच धास्तावलेला माणूस पुरता खचतो. मलम पातळ लावा, दहा-वीस मिनिटं थांबा आणि नीट धुऊन टाका. (स्प्रेचं गणित वेगळं, डब्यातला कागद वाचा.) न धुता जवळ गेलात तर बायकोलाही बधिरपणा येतो. तिला काही सांगितलेलंच नसतं, त्यामुळे आपल्याला काय झालं हेही तिला कळत नाही. हे मला फार अन्यायाचं वाटतं. आधी तिच्याशी बोला. आग झाली, पुरळ उठलं तर बंद करा.

आणि अनेकांना याची गरजच नसते. पाच देशांतल्या जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून वेळ मोजली होती, तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. मधला आकडा निघाला साधारण साडेपाच मिनिटं. पहिल्यापासून मिनिटभरातच, आवरता न येता वीर्यपतन होत असेल आणि त्याचा त्रास होत असेल, तर तो आजार. चार मिनिटं टिकणारा पोरगा व्हिडिओ बघून स्वतःला रोगी समजतो, त्याला मलम देऊन काय साधणार? पूर्वी सगळं ठीक होतं आणि हल्लीच बिघडलं असेल, तर थायरॉइड किंवा प्रोस्टेटची तपासणी लागू शकते. तिथे डॉक्टरच हवा.

आपण बोलत नाही म्हणून भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातवाल्यांचं फावतं. कामशक्ती वाढवून देण्याच्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी एसटी स्टँडजवळची भिंत दरवर्षी नव्याने रंगते. तिथे हजारो रुपये घालवून आलेली पोरं शेवटी आमच्याच काउंटरवर येतात. त्यांच्याशी दोन मिनिटं बोलायला काय हरकत आहे?